किनाऱ्यावरच्या तोफा : पळीभर दारू

ओहोटीला अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं. तिथे उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर दोन लोखंडी तोफा आहेत. ‘डॉसन हार्डी फील्ड, लो मूर आयर्नवर्क्स, यॉर्कशायर’ हा कारखान्याचा ठसा त्यांच्यावर आहे. लोक तोफेला टेकून फोटो काढतात. ती किती दारू खायची, हे सहसा कुणी विचारत नाही. गोलंदाजाचा जीव मात्र याच हिशेबावर टांगलेला असे.

दारू कमी पडली तर गोळा गलबताच्या अलीकडेच पाण्यात. जास्त झाली तर तोफ फुटणार, आणि पहिला बळी भरणाऱ्याचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी आरमारात लांब तोफेला गोळ्याच्या वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा दारू घालत, म्हणजे १८ पौंडी गोळ्याला सुमारे ६ पौंड.

पण ऐन धुमश्चक्रीत तराजू कोण धरणार? त्यासाठी लांब दांड्याची तांब्याची पळी होती. तोफेच्या नळीच्या बेताचा पत्रा वाकवून केलेली. ती भरून तळापर्यंत सरकवायची, दांडा फिरवून उपडी करायची, हलकेच बाहेर ओढायची. तांबं अशासाठी, की लोखंडाशी घासलं तरी ठिणगी पडत नाही. पुढे आधीच तोलून भरलेल्या कापडी पिशव्या आल्या आणि पळीचं काम कमी झालं.

पळीची खोड एकच: ती जागा मोजते, वजन नाही. भुकटी दाबून बसते, रवाळ दारूत हवा राहते. पळी तीच, भार निराळा. त्यात कोकणातला पावसाळा. दारूतला कोळसा ओल धरतो, सोऱ्यात मीठ राहिलं असेल तर तोही धरतो. अशी दारू तराजूत भरघोस उतरते आणि तोफेत फुसकी निघते. तेव्हा मापही फसवं, वजनही.

म्हणूनच रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त दारूखान्यावर एवढा भर आहे. तो वस्तीपासून दूर असावा, ओल लागू नये, आठ-पंधरा दिवसांनी हवालदारानं स्वतः येऊन दारू बाहेर काढावी, ऊन द्यावं आणि पुन्हा मोहोर करून ठेवावी. पळी कितीही नेमकी कापा, ही उठाठेव चुकली तर ती व्यर्थ.

दारूचा जोर आकड्यात पकडण्याची चांगली युक्ती १७४२ मध्ये बेंजामिन रॉबिन्सनं मांडली: टांगलेल्या लंबकावर गोळी झाडायची आणि त्याच्या झोक्यावरून तिचा वेग काढायचा. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला.

पळीची खोड अजून गेलेली नाही. अमेरिकेत अनेक नेमबाज पिस्तुलाची काडतुसं घरी भरतात. त्यांच्या दारूमापात फिरत्या लाटेला एक खळगा असतो; स्क्रूनं तो लहानमोठा होतो. तोही जागाच मोजतो. काडतुसाला दारू लागते जेमतेम काही ग्रेन, आणि ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. त्यामुळे खळग्याला चिकटलेले चार कणही हिशेब बिघडवतात. माप साफ ठेवून दारू अधूनमधून काट्यावर तोलावीच लागते. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार काडतुसं बनवायला परवाना लागतो.

पुढच्या आठवड्यात तोफेचा काना आणि जामगी.