स्वयंपाकघरांतील टांगता दिवा : शोभा कीं सोय ?

चिंचवड-निगडीपासून थेट चाकणपर्यंत गेल्या कांहीं वर्षांत जीं नवीं घरें उभीं राहिलीं, त्यांपैकीं पुष्कळ घरांत स्वयंपाकघर आणि बैठक यांमधील भिंत नाहींशी झाली आहे. तिच्या जागीं कमरेइतक्या उंचीचा एक कट्टा येतो, आणि त्या कट्ट्यावर दोन-तीन दिवे टांगलेले असावेत अशी तरुण दांपत्यांची हौस असते. दुकानदार या दिव्यांस 'पेंडंट' म्हणतात. हौस करण्यास कोणाची हरकत असणार ? परंतु ज्या खोलींत विळी, सुरी, उकळतें तेल आणि विस्तव यांच्याशीं रोज गांठ आहे, तेथील दिवा केवळ चित्रांत बरा दिसला म्हणून घेणें इष्ट नव्हे. खरेदीपूर्वीं या विषयाचा थोडा पद्धतशीर विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

टांगता दिवा आपणांस नवा नाहीं. देवघरांत साखळीला लोंबणारा पितळी लामणदिवा आणि वाड्याच्या दिवाणखान्यांतील काचेच्या हंड्या हे त्याचेच पूर्वज. पुढें रॉकेल आलें. आपल्या या पट्ट्याच्या अगदीं शेजारीं, तळेगांव दाभाडे येथें, पैसा फंडाचा काचकारखाना १९०८ सालीं निघाला. कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना १९१६ सालीं सुरू झाला आणि त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रांत घरोघर गेला. या सर्व दिव्यांत एक गुण समान होता. साखळीचा आंकडा बदलून ते खालींवर करतां येत, किंवा उचलून हातांतील कामाजवळ नेतां येत. जेथें काम तेथें दिवा, हा त्या काळचा नियम होता. वीज आली तेव्हां प्रकाश वाढला खरा, पण दिवा भिंतीला किंवा छताला कायमचा चिकटला आणि कामापासून दूर गेला. टांगत्या दिव्याची खरी उपयुक्तता ही कीं, तो प्रकाशाला पुन्हां कामापाशीं आणतो.

पण कोणत्या कामापाशीं, हें आधीं ठरविलें पाहिजे. आपला ओटा भिंतीला लागून असतो. स्वयंपाक करणारी व्यक्ति भिंतीकडे तोंड करून उभी राहते आणि दिवा बहुधा तिच्या पाठीमागें असतो. परिणाम असा कीं, तिच्या डोक्याची व खांद्याची सावली नेमकी कढईंत आणि सुरीखालच्या बोटांवर पडते. याला उपाय ओट्यावर दिवा टांगणें हा मात्र नव्हे. तेथें वरचीं कपाटें असतात, धूर ओढणारी चिमणी असते, आणि फोडणीची वाफ व तेलाचे सूक्ष्म कण थेट दिव्यावर जातात. (पूर्वीची रॉकेलची चिमणी धूर सोडीत असे, हल्लींची चिमणी तो ओढून घेते, शब्द तोच राहिला, काम उलटें झालें!) ओट्यासाठीं वरच्या कपाटाच्या खालच्या कडेस दिव्यांची पट्टी बसवावी, म्हणजे प्रकाश हातांच्या पुढून येतो आणि सावली पाठीमागें जाते. टांगता दिवा ठेवावा तो कट्ट्यावर किंवा जेवणाच्या मेजावर. जेथें भाजी चिरली जाते, धान्य निवडलें जातें आणि संध्याकाळीं मुलें अभ्यासास बसतात. शेगडीच्या वर तो कधींही नसावा.

संस्कृतांत 'देहलीदीपन्याय' म्हणून एक न्याय प्रसिद्ध आहे. उंबरठ्यावर ठेवलेला दिवा आंतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही जागा उजळतो. त्याप्रमाणें वाक्याच्या मध्यें असलेलें एक पद दोन्हींकडे अन्वय पावतें. भिंत गेलेल्या घरांतील कट्ट्यावरचा दिवा हा अक्षरशः देहलीदीप होय. परंतु या औद्योगिक पट्ट्यांत त्याच्याकडून कधीं कधीं उलट अपेक्षा असते. पहिल्या पाळीस जाणाऱ्याचा डबा पहांटे होतो आणि त्याच वेळीं बैठकींत मुलें किंवा वडील माणसें निजलेलीं असतात. अशा घरीं खालीं तोंड असलेली, बाजूनीं बंद अशी छत्री असलेला दिवा घ्यावा, म्हणजे प्रकाश कट्ट्यावरच राहतो आणि निजलेल्यांच्या डोळ्यांवर येत नाहीं. त्याचें बटण मात्र छताच्या दिव्याहून स्वतंत्र असलें पाहिजे. पाहुणे आले तर छताचा दिवा आहेच.

आतां उंचीविषयीं. कट्ट्याच्या पृष्ठभागापासून दिव्याची खालची कडा सुमारें ३० इंच वर असावी. घरांतील उंच माणसाप्रमाणें तींत चार-पांच इंचांचा फरक करावा. जेथून येणेंजाणें आहे तेथें मात्र दिवा सात फुटांच्या खालीं लोंबूं नये. दिवा जवळ आणल्यानें किती फरक पडतो, हें पदार्थविज्ञान शिकलेल्यांस ठाऊक आहेच. लहान दिव्याचें अंतर निम्में केलें कीं प्रकाश चौपट होतो. कट्ट्यापासून सहा फुटांवरचा उघडा दिवा तीन फुटांवर आणला, तर तेवढ्याच विजेंत चौपट उजेड मिळतो. चार फुटांच्या कट्ट्यास दोन लहान दिवे पुरेत; तीन टांगले तर बहुधा तिसरा केवळ शोभेचा आणि पुसण्याच्या श्रमाचा ठरतो.

बल्ब निवडतांना वॅटचा आंकडा पाहण्याची जुनी संवय सोडावी. वॅट म्हणजे विजेचा खर्च. उजेडाचें माप ल्यूमेन हें आहे. ९ वॅटचा एल. ई. डी. बल्ब साधारणपणें ८०० ते ९०० ल्यूमेन देतो, म्हणजे पूर्वींच्या ६० वॅटच्या तारेच्या दिव्याइतका किंवा किंचित् अधिक. रोज पांच तास लावल्यास महिन्यास त्याला सव्वा ते दीड युनिट पुरतें. तारेच्या दिव्यास नऊ युनिटें लागत. रंगछटा केल्विनमध्यें छापलेली असते. २७०० म्हणजे पिवळसर, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. स्वयंपाकघरास ३००० ते ४००० यांमधील छटा मानवते. तिसरा आंकडा फार थोडे लोक पाहतात, तो रंग खरे दाखविण्याच्या गुणाचा, त्यास सी. आर. आय. म्हणतात. तो निदान ८०, आणि मिळाल्यास ९० असावा. कमी गुणाच्या दिव्याखालीं तूप कढलें कीं करपूं लागलें, कांदा गुलाबी झाला कीं तांबूस, हें नीट कळत नाहीं.

छत्रीचें द्रव्यही विचारांत घ्यावें. वेताच्या व कापडाच्या छत्र्या दिसतात सुंदर, पण तेलकट धूळ त्यांत कायमची मुरते. गुळगुळीत काच किंवा धातु ओल्या फडक्यानें पुसतां येतो. पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळीचें मठारकाम ज्यांस प्रिय आहे, त्यांस तांब्या-पितळेची छत्रीही शोभेल. बल्ब छत्रींत खोल असावा किंवा दुधी काचेचा असावा, म्हणजे बसलेल्याच्या डोळ्यांस तो टोंचणार नाहीं. पंख्याच्या वाऱ्यांत हलणारा दिवा सावल्या नाचवितो, म्हणून दोहोंत पुरेसें अंतर ठेवावें.

सुरक्षिततेच्या बाबतींत काटकसर करूं नये. दिव्याचा भार प्लास्टरच्या खोट्या छतावर न टाकतां वरच्या काँक्रीटमध्यें पक्क्या केलेल्या आंकड्यावर असावा. धातूच्या दिव्यास अर्थिंगची तिसरी तार अवश्य जोडावी. जुन्या घरांत छतापाशीं पुष्कळदां दोनच तारा असतात, तेव्हां हें जाणत्या वायरमनकडून आधीं तपासून घ्यावें. एल. ई. डी. बल्बावर भारतीय मानक ब्यूरोचें चिन्ह आणि आयएस १६१०२ हा क्रमांक आहे कीं नाहीं, तेंही पाहावें.

शेवटीं सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वीस वर्षांच्या डोळ्याच्या पडद्यावर जितका प्रकाश पोंचतो, त्याच्या सुमारें एक-तृतीयांशच साठीच्या डोळ्यांत पोंचतो. कारण वयाबरोबर बाहुली लहान राहते आणि भिंग पिवळट होतें. दिवा पसंत करतात तिशीचे डोळे, आणि त्याखालीं तांदूळ निवडतात सत्तरीचे. आजीबाईंच्या तांदुळांत खडा राहिला कीं "आतां तुम्हांला दिसत नाहीं, राहूं द्या" असें आपण सहज म्हणून जातों, आणि एका शहाण्या माणसाच्या हातांतून त्याचें काम काढून घेतों. पुष्कळदां दोष डोळ्यांचा नसून दिव्याचा असतो. म्हणून भोंक पाडण्यापूर्वीं त्या जागीं एक बल्ब दोरीनें तात्पुरता टांगावा, परातींत मूठभर डाळ घ्यावी आणि घरांतील सर्वांत वडील माणसास ती निवडावयास सांगावें. जितक्या उंचीवर त्यांस खडा सुखानें दिसेल, तितकीच उंची कायम करावी. दिव्याचा आकार मग तरुणांनीं आपल्या आवडीनें खुशाल निवडावा.