लाल पेन्सिलीचं वर्तुळ

आजोबांच्या ट्रंकेच्या तळाशी एक घडी घातलेला खाकी कागद सापडला. त्यावर बारीक भोकं, लाल पेन्सिलीचं मोठं वर्तुळ आणि कोपऱ्यात दोन आकडे : १३५, २७०. आजोबा माणदेशच्या माळावर चितूर मारायचे, एवढंच घरात ठाऊक होतं. कागदाचा अर्थ सांगणारं कोणी उरलं नव्हतं. मी बंदूक कधी हाती धरलेली नाही. जे उमगलं ते जुनी इंग्रजी पुस्तकं चाळून.

छर्ऱ्यांची बंदूक एक गोळी नव्हे, छर्ऱ्यांचा थवाच सोडते. तो जाता जाता पसरतो. पसाऱ्याला आवर घालण्यासाठी नळी तोंडाशी किंचित अरुंद करतात, तोच ‘चोक’. बर्मिंगहॅमचे बंदूककार डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांनी त्याचा हिरिरीने पुरस्कार केला आणि १८७५च्या लंडनमधल्या चाचणीत चोकच्या नळ्या साध्या नळ्यांपेक्षा सरस ठरल्या.

परीक्षा सोपी आहे. ४० यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर, मोठा कागद ताणून मधल्या खुणेवर एक बार काढायचा. मग छर्रे सर्वांत दाट जिथे पडले, तो मध्य धरून ३० इंच व्यासाचं वर्तुळ आखायचं. हा मध्य दर वेळी खुणेपासून एकाच बाजूला सरकत असेल, तर बंदूक नेमापासून ढळते आहे. वर्तुळातली भोकं मोजून काडतुसातल्या एकूण छर्ऱ्यांशी त्यांचं प्रमाण काढायचं. साधी नळी सुमारे ४० टक्के छर्रे आत ठेवते, पूर्ण चोक ७०. ब्रिटिश ६ नंबरचे छर्रे एका औंसात २७० भरतात. आजोबांचे १३५ म्हणजे बरोबर निम्मे : सौम्य चोक. चितूर पायाजवळूनच भुर्रकन उठतो. तिथे पूर्ण चोक एक तर हुकतो, नाही तर पाखराच्या चिंध्या करतो. दोन बार सारखे पडत नाहीत, म्हणून असे अनेक कागद करून सरासरी घ्यायची.

पण टक्केवारीने सगळं कळत नाही. वर्तुळाचं क्षेत्रफळ ७०७ चौरस इंच. १३५ छर्रे म्हणजे सरासरी पाच चौरस इंचांना एक. प्रत्यक्षात ते असे समान पडत नाहीत. कुठे दाटी होते, कुठे तळहाताएवढी जागा कोरी राहते. पाखरू त्या कोऱ्या जागेच्या काठावर सापडलं, तर एखाददुसरा छर्रा अंगात घेऊन उडतं आणि दूर झुडपात तडफडून मरतं.

कागद पुन्हा उजेडात धरला, तेव्हा वर्तुळात तीन ठिकाणी फिकट पेन्सिलीची छटा दिसली. तिन्ही जागा कोऱ्या होत्या.

पुढे वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे असली शिकार सरली. आजोबांच्या वहीत मारलेल्या चितुरांची गणती आहे. जखमी होऊन उडून गेलेल्यांची नोंद वहीत कुठेच नाही. त्यांचा विचार त्यांनी केला होता, याचा पुरावा एवढा हा कागदच.