कोंबडी नेली कुणी?

'कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही,' असं आपण बोलता बोलता सहज म्हणून जातो. पण कोंबडं झाकायचं तरी कशाला, हा प्रश्न शहरातल्या वाचकाला क्वचितच पडत असेल. खेड्यात दिवेलागणीला कोंबड्या डालग्याखाली डालतात, कारण अंधार पडला की अंगणाभोवती बरीच भुकेली मंडळी फिरू लागतात.

परसातली कोंबडी हा हिशेबाच्या वहीत न येणारा धंदा आहे. देशी कोंबडी वर्षाला फार तर ५०-८० अंडी देणार. त्यातली काही उबवायला ठेवायची, काही घरात खायची, उरलेली विकायची. या विक्रीचा पैसा बहुतेक घरांत बाईच्या हातात राहतो. पोराची वही, माहेरी जायचं एसटीचं भाडं, डोकेदुखीची गोळी, हे सगळं त्यातून भागतं. १९८०च्या दशकात एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली आम्ही बँकवाल्यांनी शेळ्यामेंढ्यांसाठी, कोंबड्यांसाठी कर्जं दिली. अर्जात पक्ष्यांची किंमत असे, खाद्य असे, हप्ते असत. खुराड्याला कडी आहे का, असा रकाना मात्र माझ्या पाहण्यात आला नाही. आणि एका रात्रीत सहा कोंबड्या गेल्या की त्या बाईचं भांडवलच गेलं!

मग शोध सुरू होतो. पहिला संशय शेजाऱ्याच्या कुत्र्यावर, दुसरा भावकीवर. शिवारात एखादी धामण दिसली तर तिचा जीव जातो. बँकेत संध्याकाळी रोकड जुळली नाही की जुने रोखपाल एकच गोष्ट सांगत : आधी मोजा, मग बोला. खुराड्यालाही हाच नियम लावावा. चोर बहुधा आपली सही ठेवून जातो.

पहिला प्रश्न वेळेचा. दिवसाढवळ्या पिलू नाहीसं झालं आणि मागे काहीच उरलं नाही, तर घार, शिक्रा किंवा कावळा आठवावा. मुंगूसही दिवसाच फिरतो. तो मानेला धरतो, आणि बंद जागेत शिरला तर खाण्यापुरतं मारून थांबेलच असं नाही. रात्री किंवा झुंजूमुंजू होताना अख्खी कोंबडी गेली आणि पिसांचा माग कुंपणापर्यंत निघाला, तर रानमांजर किंवा कोल्हा. कौलं सरकलेली असतील, तर वरून उतरणारं उदमांजर. पाच-सात पक्षी मारून न खाता तसेच इतस्ततः टाकलेले असतील, तर ते काम बहुतेक वेळा कुत्र्यांचं असतं.

अंड्यांची गोष्ट वेगळी. कवचाचा तुकडाही न ठेवता अंडी गेली, तर सापाचा संशय घ्यावा. नाग अंडी आणि पिलं अख्खी गिळतो. पिलू मेलेलं, पण डोकं-खांदे ओले चिकट आहेत, तर गिळायचा प्रयत्न करून त्यानं ते सोडून दिलेलं असतं. बिळाच्या तोंडाशी कवचं सापडली किंवा पिलांचे पाय कुरतडलेले दिसले, तर घूस नाही तर उंदीर. एका खुणेवरून निकाल देऊ नये. वेळ, वाट आणि जखम या तिन्ही साक्षी जुळाव्यात.

पुष्कळदा कोंबडा आधीच वर्दी देतो. आकाशात घार दिसली तर त्याची हाक बारीक, लांबट असते. जमिनीवरून कुत्रं-मांजर आलं तर तो तुटक तुटक कलकलाट करतो. ख्रिस्तोफर इव्हान्स, लिंडा इव्हान्स आणि पीटर मार्लर या संशोधकांनी १९९३ साली दाखवून दिलं, की नुसता ध्वनिमुद्रित आवाज ऐकवला तरी पहिल्या हाकेला कोंबड्या आडोशाला पळतात, दुसरीला मान ताठ करून आजूबाजूला पाहतात. परसात वावरणाऱ्या म्हाताऱ्यांच्या कानाला हा फरक ओळखीचा असतो.

उपाय फार खर्चाचे नाहीत. खुराडं जमिनीपासून दोन-तीन फूट उंच असावं. नेहमीची षटकोनी कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, पण चोराला बाहेर ठेवतेच असं नाही. कुत्रं ती फाडतं आणि लहान साप तिच्या भोकांतून सहज शिरतो. खालच्या भागाला तरी अर्ध्या इंचाची जाड तारेची जाळी हवी आणि ती फूटभर जमिनीत पुरलेली हवी. दाराला सुतळी बांधून भागत नाही, कडी लागते. सांडलेले दाणे रात्री झाडून घ्यावेत, कारण दाण्यामागे उंदीर येतो आणि उंदरामागे साप. पिलं पहिले पाच-सहा आठवडे डालग्याखालीच बरी. मोकळ्या अंगणावर जुनं मासेमारीचं जाळं ताणलं की घारीची झेप अडते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी तयार केलेल्या 'वनराज' जातीचे पाय लांब आहेत, पळून जीव वाचवायला ते उपयोगी पडतात. पण बंद खुराड्यात पळणार कुठे?

रागाच्या भरात मेलेल्या कोंबडीत विष कालवून ठेवणारेही आहेत. त्या विषाने आपलाच राखणीचा कुत्रा मरतो, घार मरते, आणि खरा चोर दुसऱ्या वाटेने येतो. मुंगूस, रानमांजर, कोल्हा, धामण यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्यांना मारणं हा गुन्हा आहे. शिवाय धामण आणि रानमांजर वर्षभर शेतातले उंदीर खातात. त्या उपकाराची नोंद कुणी ठेवत नाही, एका कोंबडीची मात्र राहते.

दिवेलागणीला कोंबड्या मोजून दार लावण्याचं काम बहुतेक घरांत बाईच करते. जाळीला पैसे मागितले की तिला ऐकावं लागतं, 'बघू पुढच्या आठवड्यात.' बियाण्याला, खताला, मोटारसायकलच्या टायरला घरातून पैसे निघतात. तिच्या धंद्याच्या दाराला कडी बसवायला तिनेच अंडी विकून पैसे साठवावेत, अशी अपेक्षा असते. घरातल्या कर्त्या पुरुषांनी आजची रविवारची सुटी त्या दारासाठी द्यावी. एक सुतार, चार हात जाळी आणि एक कडी. याहून स्वस्त विमा माझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी पाहिलेला नाही.