मॅडिसन परगण्यांतील छपराचे पूल

कन्येच्या आग्रहावरून आम्ही अमेरिकेंतील आयोवा संस्थानांत गेलों असतां तेथील मॅडिसन परगणा पाहण्याचा योग आला. चहूंकडे मक्याचीं शेतें, आणि मध्यें विंटरसेट हें मुख्य गांव. १८४९ सालीं गांवास नांव देतांना ‘समरसेट’ म्हणजे उन्हाळ्याचें नांव पुढें आलें होतें. पण त्या दिवशीं उन्हाळ्यांतही अशी थंडी पडली कीं, कोणी तरी ‘त्यापेक्षां विंटरसेट म्हणा’ असें सुचविलें, अशी दंतकथा आहे.

ह्या परगण्याची कीर्ति छपराच्या लांकडी पुलांमुळें. एके काळीं ते १९ होते. आज ६ आहेत. पुलास छप्पर कशाला, असें वाचकांस वाटेल; आम्हांसही वाटलें. कारण अगदीं व्यवहारी आहे. पुलाच्या तळाचीं जाड लांकडें महाग, बाजूच्या व छपराच्या फळ्या त्या मानानें स्वस्त. तेव्हां ऊन, पाऊस, बर्फ फळ्यांनीं सोसावें आणि तळ टिकावा, एवढाच हेतु. जवळ राहणाऱ्या शेतकऱ्याचें नांव बहुधा पुलास पडे.

आमचा पाय रेंगाळला तो सीडर पुलाशीं. बेंटन जोन्स ह्या कारागिरानें १८८३ सालीं तो बांधला. लांबी ७६ फूट. १९२१ सालीं तो सध्यांच्या जागीं हलविला. २००२ सालीं कोणी तरी त्यास आग लावली. लोकांनीं मूळ आराखड्यास धरून २००४ सालीं तो पुन्हा उभारला. २०१७ सालीं पुन्हा आग लावण्यांत आली, आणि २०१९ सालीं पूल तिसऱ्यानें उभा राहिला! ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय नोंदणींत बाकीचे पांच पूल आहेत, हा नाहीं.

आंत शिरतांच नातवानें विचारलें, “आजोबा, मग हा पूल खोटाच ना?”

चाळीस वर्षें मुलांच्या प्रश्नांस उत्तरें देण्यांत गेलीं, तरी येथें आम्ही क्षणभर अडलों. फळ्या बदलाव्या लागणार हें जोन्सनें गृहीतच धरलें होतें, असें म्हणावें, तर तळही जळाला होता. नोंदणी करणाऱ्यांचा निर्णय नियमास धरूनच आहे. परंतु विंटरसेटच्या चौकांतील घुमटाची दगडी न्यायकचेरीदेखील पहिली इमारत जळाल्यावर १८७६ सालीं पुन्हा बांधलेली आहे. तिला आज कोणी नवी म्हणत नाहीं. आम्ही ज्याला जीर्णोद्धार म्हणतों तो ह्याहून निराळा काय? पंधरा वर्षांत दोनदां राख पाहूनही ज्यांनीं तोच पूल हट्टानें उभारला, त्यांना ‘हा तुमचा नव्हे’ असें सांगण्यास आमची तरी जीभ धजेना.

एवढें सारें ऐकून नातू म्हणाला, “आपण हॉलिवेलच्या पुलाकडे जाऊं. तो १८८०चा, १२२ फूट लांब, आणि खरा जुना आहे.” त्याचीही १९९५ सालीं डागडुजी झालेली आहे, हें आम्ही त्यास सांगितलें नाहीं.