परसांतली रुई आणि फुलपाखरें

रुई म्हणजे मारुतीच्या माळेपुरतें ठेवावें असें झुडूप, हा सार्वत्रिक समज. महसूल खात्यांतून निवृत्त झाल्यावर मींही परसांतली रुई, अळ्यांनीं खाल्ली म्हणून, मुळासकट उपटून टाकिली. पुढील पावसाळ्यांत काळ्या टोकांच्या पंखांचीं नारिंगी फुलपाखरें क्वचितच दिसलीं, तेव्हां चूक उमगली. त्या काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या त्यांचींच पिलें होत. मादी पानावर एकेक अंडें घालते. अळी रुईच्या वर्गांतलींच झाडें खाते, भाजीपाल्यास तोंड लावीत नाहीं. चिकांतलें विष अंगीं मुरल्यानें पक्षीही तिला टाळतात. तेव्हां वाचकांनीं तीवर औषध फवारूं नये. चीक मात्र डोळ्यांस जपावा. यंदा कुंपणाशीं दोन रोपें लाविलीं आहेत. पहिलें अंडें कालच दिसलें.