दवाखान्याचे कागद पावसात भिजू देऊ नका

राजूरच्या ग्रामीण रुग्णालयातून पेशंट पुढे पाठवायचा झाला, की गाडी अकोल्यावरून संगमनेरला जाते, नाहीतर बारी-घोटीमार्गे नाशिकला. तिथला डॉक्टर आपल्या माणसाला पहिल्यांदाच पाहत असतो. तो विचारतो, "गोळ्या कोणत्या चालू आहेत?" सोबतचा पुतण्या सांगतो, "एक पांढरी सकाळी, एक गुलाबी रात्री." पांढऱ्या गोळ्या शेकडो प्रकारच्या असतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे हे न कळता ऑपरेशन झालं, तर रक्त थांबवणं अवघड होतं. पूर्वी पेनिसिलिनची रिॲक्शन आली होती हे कुणी सांगितलं नाही, तर तेच इंजेक्शन पुन्हा टोचलं जाऊ शकतं.

म्हणून घरातल्या प्रत्येक माणसाची वेगळी पिशवी करा. साध्या चिकटपट्टीच्या प्लास्टिक पिशवीवर नाव लिहिलं की झालं. आपल्याकडे पावसाळ्यात पत्र्याखालची पेटीसुद्धा आतून दमट होते. पिशवी भिंतीला टेकवू नका, कपड्यांच्या घडीत मधोमध ठेवा.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण इथे बरीच घरं फसतात. ईसीजीची पट्टी आणि सोनोग्राफीचे छोटे फोटो उष्णतेवर चालणाऱ्या कागदावर छापलेले असतात. काही महिन्यांत ते फिके पडतात. जपायचे म्हणून लॅमिनेशनला दिले, तर गरम मशीनमध्ये काळे होतात. त्यांची झेरॉक्स काढा आणि मूळ कागदाला टाचून ठेवा.

सगळंच जपायची गरज नाही. सर्दी-पडशाची जुनी चिठ्ठी टाकून दिली तरी चालेल. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनचे कागद आणि बाळाचं लसीचं कार्ड मात्र कधीच टाकू नका. सिकलसेलचा पक्का रिपोर्ट जन्मभर बदलत नाही. लग्न ठरवताना आणि बाळंतपणात तो लागतो. टीबीचे कागद उपचार संपल्यावरही ठेवा. आजार उलटला, तर आधी कोणती औषधं घेतली यावर पुढची तपासणी ठरते.

कागद हरवलाच, तर मागायला लाजू नका. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल पेशंटचं रेकॉर्ड डॉक्टरने ३ वर्षं ठेवायचं असतं, आणि पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत द्यायचं असतं. अर्ज लेखी द्या, त्याची पोच घ्या.

नावाचाही घोळ असतो. केस पेपरवर 'बाळू', आधारवर 'भीमराव', रेशनकार्डावर तिसरंच काही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत दाखल होताना आरोग्यमित्र रेशनकार्ड आणि ओळखपत्र बघतो. नाव जुळलं नाही, की नातेवाइकांचे हेलपाटे सुरू होतात. केस पेपर काढतानाच आधारवरचं नाव सांगा. त्याला काही पैसे लागत नाहीत.

घरात कुणी कामाला कल्याण-ठाण्याकडे जात असेल, तर त्याच्या मोबाईलमध्ये महत्त्वाच्या कागदांचे फोटो असू द्या. पण एचआयव्हीसारखा रिपोर्ट घरच्या ग्रुपवर टाकू नका. तो ज्याचा त्याच्याकडेच राहू द्या.

आणि पिशवीत सर्वांत वर एक पुठ्ठा ठेवा. शाळेत जाणाऱ्या मुलीकडून त्यावर ठळक अक्षरात लिहून घ्या: नाव, वय, रक्तगट, आजार, चालू गोळ्या, कशाची ॲलर्जी, घरचा फोन नंबर. गोळी बदलली, की त्याच दिवशी खोडून नवी लिहायची.