तरंगत शिरलेली बाटली

समुद्रात तरंगणारी एक बाटली गुहेत शिरते. इंग्रजी हे ‘फ्लोटेड इंटू’ एवढ्यात सांगते. क्रियापद तरंगण्याचे, आणि आत जाण्याचे काम ‘इंटू’कडे. स्पॅनिशमध्ये मात्र क्रियापद आत जाण्याचे असते, ‘एंत्रो’, आणि तरंगणे ‘फ्लोतांदो’ म्हणून मागून येते. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड टॅल्मी यांनी 1985मध्ये अशाच उदाहरणांवरून भाषांचे दोन प्रकार दाखवले. काही भाषांत दिशा क्रियापदातच असते, काहींत ती बाहेरच्या शब्दावर सोपवलेली असते. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. ‘बाटली तरंगत गुहेत शिरली’ हे वाक्य स्पॅनिशच्याच वळणाचे आहे.

इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये कादंबरी नेणाऱ्याची पंचाईत इथून सुरू होते. इंग्रजी पात्रे लंगडत, सरपटत, लडखडत, दबकत दारातून ये-जा करतात. प्रत्येक वेळी ‘आत आला’च्या जोडीला आणखी एक शब्द घातला, तर स्पॅनिश परिच्छेद जड होतो. भाषेचे अभ्यासक डॅन स्लोबिन यांनी कादंबऱ्यांची भाषांतरे तपासली, तेव्हा स्पॅनिशमध्ये चालण्याची ही ढब अनेकदा गळून गेलेली दिसली. अमेरिकी लेखक फॉकनरची कादंबरी स्पॅनिशमध्ये आणणाऱ्या अर्जेंटिनाच्या बोर्हेस यांनाही इंग्रजीची ही ताकद मोहवत असे. क्रियापदाला छोटासा शब्द जोडून इंग्रजी जे साधते, ते स्पॅनिशमध्ये म्हणता येत नाही, असे त्यांनी 1977मध्ये एका दूरचित्रवाणी मुलाखतीत सांगितले होते.

पण स्पॅनिश नुसती सोडत नाही, मागतेही. इंग्रजीचे ‘बी’ तिथे ‘सेर’ आणि ‘एस्तार’ असे दोन होते. ‘एस आबुर्रीदो’ म्हणजे माणूस कंटाळवाणा, ‘एस्ता आबुर्रीदो’ म्हणजे तो कंटाळलेला. कायमचे असेल तर ‘सेर’, तात्पुरते असेल तर ‘एस्तार’, हा पाठ्यपुस्तकी नियम मृत्यूपाशी मोडतो. मेलेल्या माणसाला ‘एस्तार’च लागते, कारण ती आधीच्या बदलातून आलेली स्थिती आहे. ‘बिकम’ची तर चांगलीच फाटाफूट होते. डॉक्टर होणे ‘आसेर्से’, रागाने लाल होणे ‘पोनेर्से’, वेडे होणे ‘बोल्बेर्से’, आंधळे होणे ‘केदार्से’. मराठीचे ‘होणे’ही इथे हात टेकते.

इतर ठिकाणी मात्र मराठी माणसाला आयती वाट मिळते. इंग्रजीच्या ‘नो’साठी स्पॅनिशमध्ये माहितीला ‘साबेर’ आणि ओळखीला ‘कोनोसेर’. त्यातही ‘साबीआ’ म्हणजे ‘मला माहीत होते’, तर ‘सुपे’ म्हणजे ‘मला कळले’. इंग्रजी विद्यार्थ्याला हा भूतकाळातला फरक घोकावा लागतो. ‘मे गुस्ता एल काफे’ म्हणजे सरळ ‘मला कॉफी आवडते’. पुस्तके आवडत असतील तर ‘गुस्तान’, जसे आपले ‘आवडतात’. क्रियापद माणसाकडे न पाहता वस्तूकडे पाहते. ‘से मे कायो एल बासो’ म्हणजे ‘माझ्या हातून पेला पडला’. पाडणारा मीच, पण दोष सौम्य.

ओळखीचे दिसणारे शब्द वेगळाच फास टाकतात. ‘आसिस्तिर’ बहुधा मदत करणे नसून हजर राहणे, ‘प्रेतेंदेर’ म्हणजे सोंग करणे नव्हे तर इरादा बाळगणे. ‘कोखेर’ने स्पेनमध्ये खुशाल बस पकडावी, मेक्सिको किंवा अर्जेंटिनात तोच शब्द अश्लील ठरतो, तिथे ‘तोमार’ म्हणावे. अमेरिकेतल्या स्पॅनिशभाषकांत तर इंग्रजीच्या ‘कॉल बॅक’वरून ‘मागे फोन करणे’ अशा अर्थाचा ‘यामार पारा आत्रास’ हा प्रयोग रुळला आहे. शुद्धतावादी त्याला नाके मुरडतात.

पुण्या-मुंबईत स्पॅनिश शिकणारे अनेक जण इंग्रजी पुस्तकांतून शिकतात, आणि इंग्रजी माणसाच्या अडचणी फुकट उसन्या घेतात. ‘गुस्तार’ला ‘लाइक’ म्हणून पाठ करण्याऐवजी ‘आवडणे’ म्हटले, तर अर्धा धडा शिकण्याआधीच येतो. इंग्रजीची शिडी ‘सेर’-‘एस्तार’साठी आणि ‘होणे’च्या चार वाटांसाठीही फारशी उपयोगी नाही. तिथे इंग्रजी आणि मराठी दोन्ही बाजूला ठेवून स्पॅनिश कानानेच शिकावी.